हकीम राझी आणि डोळ्यांची अमानत

अल्लाहने माणसाला बहाल केलेल्या नेमतींचा उल्लेख पवित्र कुरआनात वारंवार येतो, आणि त्यांत श्रवण, दृष्टी व हृदय यांचा निर्देश अनेकदा एकत्र केलेला आढळतो. या तिन्हींविषयी माणसाला जाब द्यावा लागेल, याचीही जाणीव कुरआन करून देतो. ज्या वस्तूविषयी जाब द्यावा लागतो ती आपल्या मालकीची नसते, ती अमानत असते. डोळा ही अशीच एक अमानत आहे. तिचा वापर कसा करावा हे आपण मुलांना शिकवतो : नजर खाली ठेवावी, हराम पाहू नये, कुरआनाची तिलावत करावी. परंतु ती जपावी कशी आणि तिच्यात बिघाड झाला तर ती कोणाच्या हाती सोपवावी, याविषयी आपल्या घरांत क्वचितच बोलले जाते.

घरातील वडीलधारे माणूस हळूहळू भिंतीला हात लावून चालू लागते. मुसहफ डोळ्यांच्या अगदी जवळ धरावा लागतो, आणि एके दिवशी तो उघडलाच जात नाही. मुले शस्त्रक्रियेचा विषय काढतात, तेव्हा उत्तर मिळते की आता वय झाले, जग पुष्कळ पाहिले, उरलेल्या थोड्या दिवसांसाठी हा त्रास कशाला. या उत्तरात संयम असतो, थोडी भीती असते, आणि मुलांवर भार पडू नये ही मायाही असते. अकराशे वर्षांपूर्वी हाच विचार इस्लामी जगातील सर्वांत मोठ्या हकीमांपैकी एकाच्या मनात आला होता. ज्यांनी आयुष्यभर इतरांच्या डोळ्यांविषयी लिहिले, त्यांचीच दृष्टी अखेरीस मोतीबिंदूने गेली आणि त्यांनी उपचार नाकारला. ते का नाकारले आणि आज आपण त्यातून काय घ्यावे, हे समजण्यासाठी त्यांचे चरित्र पाहणे आवश्यक आहे.

रय शहरातील तरुण

अबू बकर मुहम्मद इब्ने झकरिया राझी यांचा जन्म हिजरी 251, म्हणजे इसवी सन 865 मध्ये, इराणातील रय या शहरात झाला. या प्राचीन शहराचे अवशेष आजच्या तेहरानच्या दक्षिणेस आहेत. रयच्या रहिवाशाला राझी म्हणत, त्यामुळे या नावाचे अनेक विद्वान इतिहासात आढळतात. कुरआनाचे सुप्रसिद्ध भाष्यकार इमाम फखरुद्दीन राझी हे निराळे. ते सुमारे तीन शतकांनंतर होऊन गेले. आपण ज्यांच्याविषयी बोलत आहोत ते हकीम राझी होत, ज्यांना युरोपने ऱ्हाझेस या नावाने ओळखले.

तरुणपणी राझींचे मन संगीतात आणि किमयेत रमले होते. किमया म्हणजे धातूंचे रूपांतर घडवण्याचा प्रयत्न. भट्ट्या पेटवायच्या, गंधक, नवसागर आणि पारा तापवायचा, वाफा धरायच्या आणि थंड करायच्या, हा त्यांचा दिनक्रम होता. आजच्या रसायनशास्त्रातील अनेक कृतींची मुळे या प्रयोगांत आहेत. परंतु त्यांची किंमत डोळ्यांनी मोजली. राझींच्या मृत्यूनंतर सुमारे शतकभराने त्यांच्या ग्रंथांची सूची तयार करणारे थोर विद्वान अल-बिरूनी नोंदवतात की किमयेच्या भट्टीतील आग आणि धूर यांनी राझींच्या डोळ्यांना विकार जडला आणि त्याच्या उपचाराच्या शोधात ते वैद्यकाकडे वळले. अशा रीतीने ज्या विद्येने त्यांचे नाव अमर केले तिच्या दारापर्यंत त्यांना दुखऱ्या डोळ्यांनीच आणले.

वैद्यकाकडे ते उशिरा वळले. चरित्रकार सांगतात की तिशी ओलांडल्यावर ते बगदादला आले. तेव्हाचे बगदाद हे ज्ञानाचे माहेरघर होते. हुनैन इब्ने इस्हाक यांच्यासारख्या अनुवादकांनी ग्रीक वैद्यक अरबीत आणले होते. हुनैन यांचा डोळ्यांविषयीचा दहा प्रकरणांचा ग्रंथही उपलब्ध होता. भारतीय वैद्यकातील चरक आणि सुश्रुत यांची नावेही अरबी वैद्यांना परिचित झाली होती आणि राझींनी आपल्या टिपणांत त्यांचे दाखले घेतले आहेत. ग्रीक असो, इराणी असो वा हिंदी, उपयोगी ज्ञान ज्याचे असेल त्याच्या नावानिशी घ्यायचे आणि मग स्वतःच्या रुग्णावर पडताळून पाहायचे, ही राझींची पद्धत होती.

रुग्णालयाचे प्रमुख

राझी प्रथम रयच्या रुग्णालयाचे आणि पुढे बगदादच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. बगदादमध्ये रुग्णालयासाठी जागा निवडताना त्यांनी शहराच्या निरनिराळ्या भागांत मांसाचे तुकडे टांगले आणि जेथे मांस सर्वांत उशिरा कुजले ती जागा सुचवली, अशी कथा प्रसिद्ध आहे. ही कथा अदुदी रुग्णालयाशी जोडली जाते. परंतु ते रुग्णालय राझींच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने उभे राहिले, म्हणून ती त्या रूपात खरी मानता येत नाही.

त्यांच्या अध्यापनाचे वर्णन मात्र विश्वसनीय आहे. इब्ने नदीम यांनी ते नोंदवून ठेवले आहे. राझी मध्यभागी बसत, त्यांच्यासमोर शिष्यांची रांग, तिच्यापुढे शिष्यांच्या शिष्यांची रांग आणि त्यापुढे आणखी एक. रुग्ण आला की प्रथम सर्वांत बाहेरच्या रांगेतील विद्यार्थ्यांना आपले दुखणे सांगे. त्यांना निदान झाले नाही तर तो पुढच्या रांगेकडे जाई. सर्वांचे ज्ञान अपुरे पडले म्हणजे राझी स्वतः बोलत. आजच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात कनिष्ठ डॉक्टर, वरिष्ठ डॉक्टर आणि विभागप्रमुख अशी जी उतरंड दिसते, तिचेच हे जुने रूप होय. गरीब रुग्णांशी ते अत्यंत दयेने वागत. ते त्यांच्याकडून काही घेत नसत, उलट त्यांच्या पोटापाण्याची तजवीज करत.

ज्यांना वैद्य परवडत नाही किंवा ज्यांच्या गावात वैद्य नाही, अशांसाठी त्यांनी एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. स्वयंपाकघरात आणि बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंनी साधे विकार कसे आवरावेत, हे त्यात सांगितले आहे. दुसरीकडे रयचे सामानी राज्यपाल मन्सूर इब्ने इस्हाक यांच्यासाठी त्यांनी दहा भागांचा ‘किताबुल मन्सूरी’ रचला. गरिबाच्या झोपडीसाठी एक ग्रंथ आणि राजवाड्यासाठी एक, आणि दोन्हींत तितकीच कळकळ. वैद्यकाकडे ते सेवा म्हणून पाहत असल्याचा याहून वेगळा पुरावा नको.

राझींच्या तत्त्वज्ञानविषयक काही मतांवर पुढील काळातील उलेमांनी कठोर टीका केली, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. अल-बिरूनी यांनीही त्यांच्या त्या विचारांशी असहमती दर्शवली. पण त्याच अल-बिरूनींनी त्यांच्या 184 ग्रंथांची सूची परिश्रमपूर्वक तयार केली. एखाद्याच्या विचारातील चूक दाखवणे आणि त्याच्या विद्येचा हक्क नाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विवेक आपल्या पूर्वसूरींकडे होता.

डोळ्यांविषयीचे कार्य

नेत्रवैद्याला अरबीत कह्हाल म्हणत. डोळ्यात घालण्याच्या काजळासारख्या औषधाला कुहल म्हणत, त्यावरून हा शब्द आला. राझी केवळ कह्हाल नव्हते. परंतु डोळ्यांच्या बाबतीत त्यांनी विचारलेले प्रश्न अनेक कह्हालांना सुचले नव्हते.

पहिला प्रश्न बाहुलीचा. उजेडात गेले की डोळ्याची बाहुली आकुंचन पावते आणि अंधारात ती विस्तारते. आरशासमोर दिवा धरून कोणीही हे पाहू शकतो. राझींनी या एकाच गोष्टीचे कारण शोधण्यासाठी स्वतंत्र लेख लिहिला. बाहुलीच्या या हालचालीचे वर्णन करणाऱ्या आरंभीच्या वैद्यांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. आज आपण नेत्रतज्ज्ञाकडे जातो तेव्हा ते प्रथम छोट्या विजेरीचा झोत एका डोळ्यावर टाकतात, मग दुसऱ्या डोळ्यावर. बाहुली किती त्वरेने आकसते, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या आकसतात का, यावरून आतील पडदा आणि मेंदूकडे जाणारी नस यांची स्थिती कळते. यंत्रे कितीही आली तरी ही साधी तपासणी टिकून आहे.

दुसरा प्रश्न पाहण्याच्या क्रियेचा. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला स्पर्श करतात म्हणून ती दिसते, असे युक्लिडसह अनेक ग्रीक विद्वान मानत. राझींनी याविरुद्ध एक ग्रंथ लिहिला. दृष्टी डोळ्यातून निघणाऱ्या किरणांनी घडत नाही, असे त्यांनी प्रतिपादन केले. सुमारे एका शतकानंतर बसरा येथे जन्मलेल्या इब्नुल हैसम यांनी प्रयोगांच्या आधारे हा विषय पूर्णत्वास नेला. वैद्यकाचा सर्वोच्च अधिकारी मानल्या गेलेल्या जालीनूस, म्हणजे गॅलेन, यांच्या मतांविषयीच्या शंकांचाही राझींनी एक ग्रंथ केला. गॅलेनविषयी त्यांना गुरुतुल्य आदर होता, पण गुरूचे म्हणणे रुग्णाच्या शरीराशी जुळत नसेल तर ते बाजूला ठेवण्यास ते कचरले नाहीत.

तिसरे कार्य देवी या रोगाशी संबंधित आहे. देवी आणि गोवर हे दोन वेगळे रोग आहेत, हे राझींनी आपल्या छोट्या ग्रंथात स्पष्टपणे मांडले. देवीच्या काळात मृत्यूइतकेच भय अंधत्वाचे असे. डोळ्यात फोड उठे, बुबुळावर फूल पडे आणि मूल जगले तरी दृष्टी जाई. म्हणून राझींनी आग्रहाने लिहिले की देवीची लक्षणे दिसताच आधी डोळ्यांची काळजी घ्यावी. दिवसातून अनेकदा चेहरा थंड पाण्याने धुवावा आणि डोळ्यात गुलाबपाण्याचे थेंब सोडावेत. हे उपाय आजच्या दृष्टीने तोकडे वाटतील. परंतु रोग अंगभर पसरलेला असताना वैद्याचे लक्ष प्रथम कोठे जावे, हे त्यांनी अचूक ओळखले. देवीचा रोग लसीकरणामुळे जगातून नाहीसा झाला आणि 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेने तसे जाहीर केले. देवीच्या फुलाने आंधळे झालेले मूल आज कोठेही दिसत नाही, ही अल्लाहची किती मोठी रहमत आहे!

चौथे कार्य भोंदू वैद्यांचा पर्दाफाश करण्याचे. ‘किताबुल मन्सूरी’त राझींनी त्यांच्या हातचलाख्या एक-एक करून उघड केल्या आहेत. कोणी कानातून वा दातातून किडे काढून दाखवी. कोणी डोळ्यावरील पांढरे सारे काढून देण्याचा दावा करी. हा माणूस अवजार लावण्यापूर्वीच डोळ्यात पातळ कापडाचा तुकडा सरकवून ठेवी आणि मग तोच अवजाराने बाहेर ओढून, रोग काढला असे भासवी. नातेवाईक थक्क होत, पैसे देत, आणि रुग्णाचा डोळा पूर्वीहून वाईट होई. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार, ज्याला वैद्यक येत नाही असे ठाऊक असताना जो उपचार करतो, तो होणाऱ्या हानीस जबाबदार ठरतो. राझींचा भोंदूंवरील रोष हा याच न्यायबुद्धीशी जुळणारा होता.

टिपणांचा डोंगर

राझी सतत लिहीत. त्यांना भेटायला जाणाऱ्यांना ते नेहमी काहीतरी उतरवून घेताना किंवा मसुदा स्वच्छ करताना दिसत. रात्री वाचताना ते भिंतीच्या कोनाड्यात दिवा ठेवत आणि पुस्तक भिंतीला टेकवून धरत, अशासाठी की डुलकी लागली तर पुस्तक हातातून पडावे आणि आपण जागे व्हावे. अल-बिरूनी हेही त्यांची दृष्टी बिघडण्याचे एक कारण मानतात. दुसरे कारण त्यांनी दिले आहे ते घेवड्यासारख्या शेंगांतील दाण्यांच्या अति सेवनाचे. आजचे शास्त्र त्याला दुजोरा देणार नाही, पण त्या काळी आहार आणि दृष्टी यांचा असा संबंध जोडला जाई.

आपल्या जीवनपद्धतीविषयी लिहिलेल्या एका छोट्या पुस्तकात राझी स्वतः सांगतात की एका वर्षात त्यांनी ताइतावर लिहितात तशा बारीक अक्षरात 20,000 हून अधिक पाने लिहिली आणि एका बृहद्ग्रंथावर 15 वर्षे रात्रंदिवस काम केले. त्यात त्यांची दृष्टी क्षीण झाली आणि हाताचे स्नायू निकामी झाले. तरीही ते थांबले नाहीत. वाचून दाखवणारा आणि लिहून घेणारा माणूस ठेवून त्यांनी काम चालू ठेवले.

त्यांच्या निधनानंतर ही टिपणे त्यांच्या भगिनीकडे होती. विद्याप्रेमी वजीर इब्नुल अमीद यांनी ती मिळवली आणि राझींच्या शिष्यांकडून संकलित करून घेतली. तोच ‘अल-हावी’ हा महाग्रंथ. प्रत्येक रोगाविषयी आधी ग्रीक, सुर्यानी, इराणी व हिंदी वैद्यांची मते आणि शेवटी स्वतःचा अनुभव, अशी त्याची मांडणी आहे. 1279 साली सिसिलीतील यहुदी विद्वान फरज इब्ने सालिम यांनी त्याचा लॅटिन अनुवाद पूर्ण केला आणि 1486 मध्ये इटलीत तो छापला गेला. मूळ अरबी ग्रंथ मात्र आपल्या दख्खनमध्ये छापला गेला. हैदराबादच्या दाइरतुल मआरिफ उस्मानिया या संस्थेने 1955 पासून तो 23 भागांत प्रसिद्ध केला. त्या वर्षी मराठवाडा हैदराबाद राज्याचाच भाग होता. या आवृत्तीचा संपूर्ण दुसरा भाग डोळ्यांच्या रोगांना वाहिलेला आहे. त्यात खुपऱ्या, वडस, नासूर, रातांधळेपणा आणि मोतीबिंदू अशा विकारांची चर्चा आहे.

नाकारलेली सुई

मोतीबिंदूला अरबी वैद्यकात पाणी उतरणे या अर्थाची संज्ञा आहे. युनानी हकीम आजही त्याला नुजूलुल मा म्हणतात. मेंदूकडून दूषित द्रव उतरतो आणि बाहुलीमागे साचून घट्ट होतो, अशी समजूत होती. वस्तुतः डोळ्यातील पारदर्शक भिंगच गढूळ होते, हे युरोपातील वैद्यांनी बऱ्याच नंतर, सतराव्या-अठराव्या शतकांत सिद्ध केले. जुना उपचार सुईचा होता. सुश्रुतसंहितेतही त्याचे वर्णन आहे. रुग्णाला बसवून, डोके घट्ट धरून, डोळ्याच्या बाजूने सुई आत घालायची आणि गढूळ भाग खाली ढकलायचा. उजेडाची वाट मोकळी झाली की रुग्णाला बोटे दिसू लागत. मग कित्येक दिवस डोळे बांधून उताणे पडून राहावे लागे. भूल देण्याचे साधन नव्हते. खाली ढकललेले भिंग डोळ्यातच राही, त्यामुळे पुढे सूज येई, डोळ्याचा दाब वाढे आणि मिळालेली दृष्टीही अनेकदा जाई. मोती पोकळ नळीने शोषून बाहेर काढण्याच्या जुन्या प्रयत्नाची नोंद ‘अल-हावी’त आहे. पुढे इसवी सन 1000 च्या सुमारास मिसरमधील कह्हाल अम्मार मौसिली यांनी त्यासाठी पोकळ सुई वापरली. परंतु ही कला थोड्यांनाच साधली.

आयुष्याच्या अखेरीस राझी रयला परतले होते आणि मोतीबिंदूने त्यांना दिसेनासे झाले होते. पुढे काय झाले, याच्या दोन हकिकती आहेत.

एका हकिकतीनुसार एक कह्हाल त्यांच्यावर शस्त्रक्रिया करण्यास आला. राझींनी त्याला डोळ्याला किती पडदे असतात, असे विचारले. तेव्हाच्या वैद्यकात सात पडदे व तीन द्रव ही प्राथमिक माहिती होती. कह्हालाला उत्तर देता आले नाही. ज्याला हे माहीत नाही त्याने आपल्या डोळ्याला हात लावू नये, असे सांगून राझींनी त्याला परत पाठवले.

अल-बिरूनींची हकिकत निराळी आहे. तबरिस्तानहून एक जाणकार वैद्य राझींकडे आला. उपचार कसा करणार, असे राझींनी विचारले आणि त्याने ते सविस्तर सांगितले. राझींनी त्याच्या ज्ञानाची मुक्तकंठाने प्रशंसा केली. परंतु या उपचारात मोठ्या वेदना आहेत आणि दीर्घ काळ कष्ट आहेत, आयुष्य मात्र कदाचित थोडेच उरले आहे, अशा स्थितीत विश्रांती सोडून वेदना पत्करणे आपल्याला योग्य वाटत नाही, असे सांगून त्यांनी आभार मानून त्याला निरोप दिला. त्यानंतर ते फार काळ जगले नाहीत. हिजरी 313, म्हणजे इसवी सन 925 मध्ये, रय येथेच त्यांचे निधन झाले.

दोन प्रश्न

या हकिकतींत दोन प्रश्न आहेत. उपचार करणाऱ्याला डोळ्याचे ज्ञान आहे का? आणि उपचाराचे कष्ट त्यातून मिळणाऱ्या लाभाच्या तुलनेत किती आहेत? सुज्ञ रुग्णाने हेच दोन प्रश्न विचारावेत. राझींच्या काळात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकाराकडे झुकत होते, आणि त्यांचा निर्णय त्या परिस्थितीत समंजसपणाचा होता.

परंतु त्यानंतर अल्लाहने माणसाला पुष्कळ ज्ञान दिले. 1747 साली फ्रान्समध्ये झाक दाव्हिएल यांनी मोतीबिंदू खाली न ढकलता डोळ्याबाहेर काढला. 1851 मध्ये जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याचा आतील पडदा पाहण्याचे साधन शोधले. 1884 मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी केवळ थेंबांनी डोळा बधिर करता येतो हे दाखवले, आणि ज्या वेदनेमुळे राझींनी सुई नाकारली ती वेदनाच दूर झाली. 1949 मध्ये लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी काढलेल्या भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसवले. आज ही शस्त्रक्रिया बहुधा अर्ध्या तासाच्या आत होते, छेद काही मिलिमीटरचा असतो आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी येतात. आपल्या देशात 1976 पासून अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते.

म्हणून राझींचा नकार आज जसाच्या तसा उचलणे ही त्यांच्याशी निष्ठा नव्हे. जुन्या अधिकाऱ्याचे मत नव्या अनुभवाने तपासावे, हेच तर त्यांनी गॅलेनच्या बाबतीत केले होते. प्रेषित (स.) यांनी उपचार घेण्याची शिकवण दिली आणि एका वार्धक्याखेरीज अल्लाहने प्रत्येक रोगावर इलाज ठेवला आहे, असे सांगितले. आपले वडीलधारे मोतीबिंदूला वार्धक्यच समजतात. पण तो वार्धक्यात होणारा रोग आहे, आणि त्याला इलाज आहे. दृष्टी गमावून सब्र करणाऱ्यासाठी जन्नतची खुशखबर आहे, हे खरे. ती मात्र इलाज संपल्यानंतरच्या सब्रसाठी आहे, उपलब्ध इलाज टाळण्यासाठी नव्हे.

काहींच्या मनात नमाजची चिंता असते. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नसते आणि वाकू नये असे सांगितले जाते. शरीअतने आजाऱ्याला सवलत दिली आहे. पाणी अपायकारक असेल तर तयम्मुम आहे आणि सजदा शक्य नसेल तर इशाऱ्याने नमाज आहे. डोळ्यात थेंब घातल्याने रोजा तुटत नाही, याविषयी आपल्याकडील हनफी आणि कोकणातील शाफई दोघांचेही मत एक आहे. तपशील आपल्या आलिमांना विचारावा. पण या कारणासाठी शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये.

पहिला प्रश्न मात्र आजही तितकाच जिवंत आहे. दुकानातून कोणाच्याही सांगण्यावरून आणलेले थेंब डोळ्यात घालताना आपण तो विचारतो का? स्टेरॉइडचे थेंब दीर्घकाळ घातल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात. सुरमा घालणे ही सुन्नत आहे आणि हदीसमध्ये इस्मिदचा उल्लेख आहे. परंतु बाजारात सुरमा म्हणून मिळणाऱ्या अनेक पुड्यांत शिसे असते, आणि ते लहान मुलांच्या शरीरास घातक आहे. पाऱ्याचा परिणाम पाहण्यासाठी आधी माकडावर प्रयोग करणारे राझी आपल्या बाळाच्या डोळ्यात न तपासलेली पूड घालू देतील का, याचा विचार करावा. चाळिशीनंतर डोळ्याचा दाब तपासून घ्यावा, कारण काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही. मधुमेह असेल तर चांगले दिसत असतानाही दरवर्षी आतील पडद्याची तपासणी करावी.

राझींनी इतरांच्या डोळ्यांसाठी लिहिता लिहिता आपली दृष्टी घालवली. त्यांच्या काळाने त्यांना जे दिले नाही ते आपल्या काळाने आपल्याला दिले आहे. घरातील ज्या वडीलधाऱ्यांचा मुसहफ बंद पडून राहिला आहे, त्यांचा हात धरून त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे नेणे हे आपले कर्तव्य आहे. अल्लाह आपल्या सर्वांना ही अमानत जपण्याची सद्बुद्धी देवो, आजाऱ्यांना शिफा देवो आणि आपल्या डोळ्यांना अखेरपर्यंत त्याच्या किताबच्या तिलावतीचा प्रकाश लाभो. आमीन.